मुक्या जिवांच्या कैवारी : रुक्मिणीदेवी

फेब्रुवारी महिन्याची एकोणतिसावी तारीख चार वर्षांतून एकदाच येते. अशा दुर्मीळ दिवशी, २९ फेब्रुवारी १९०४ रोजी, आजच्या तमिळनाडूतील मदुराई या मंदिरांच्या नगरीत रुक्मिणीदेवींचा जन्म झाला. त्यांना सुमारे ब्याऐंशी वर्षांचे दीर्घ आयुष्य लाभले. पण जन्मानंतर ती तारीख त्यांच्या आयुष्यात अवघी वीस वेळा आली. त्या आयुष्याचा एक भाग त्यांनी रंगभूमीला दिला आणि दुसरा भाग मुक्या प्राण्यांना.

रुक्मिणीदेवींचे वडील नीळकंठ शास्त्री हे अभियंता असून संस्कृतचे जाणकार होते. पुढे हे कुटुंब मद्रासजवळ अड्यार येथे राहावयास आले. तेथे थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य केंद्र होते. १९२० साली रुक्मिणीदेवींचा विवाह डॉ. जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशी झाला. परदेशी मनुष्याशी विवाह केला म्हणून मद्रासमध्ये मोठी टीका झाली; परंतु टीकेने डगमगून जाणे हे रुक्मिणीदेवींच्या स्वभावात नव्हते. हाच निर्धार त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडला.

१९२८ साली ॲना पावलोव्हा ही जगप्रसिद्ध रशियन नर्तकी मुंबईस आली होती. तिचा प्रयोग पाहण्याचा योग अरुंडेल दांपत्यास आला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या प्रवासात ती त्यांना एकाच जहाजावर भेटली. स्नेह जडला आणि पावलोव्हाच्या संचातील एका नर्तकीकडून रुक्मिणीदेवी पाश्चात्त्य नृत्य शिकू लागल्या. मात्र पावलोव्हाने त्यांना आपल्याच देशातील नृत्यकलेचा शोध घेण्यास सुचविले.

ती कला फार दूर नव्हती. दक्षिणेतील मंदिरांत आणि राजदरबारांत पिढ्यान्‌पिढ्या नृत्यसेवा करणाऱ्या स्त्रियांनी ती जतन केली होती. तंजावरच्या मराठे राजांनी तिला आश्रय दिला होता. सरफोजी राजांच्या दरबारातील चार गुणी बंधूंनी त्या नृत्यास शिस्तबद्ध रूप दिले. त्यांच्याच वंशातील मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै हे पुढे रुक्मिणीदेवींचे गुरू झाले. तथापि, विसाव्या शतकाच्या आरंभी समाज या कलेकडे तुच्छतेने पाहू लागला होता. प्रतिष्ठित घरातील मुलीने नृत्य शिकणे म्हणजे घराण्यास बट्टा, असे लोक मानीत. रुक्मिणीदेवींनी मयिलापूरच्या गौरी अम्मा आणि मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे हे नृत्य शिकून घेतले आणि १९३५ साली ते जाहीरपणे सादर केले. १९३६ साली त्यांनी पतीच्या साहाय्याने एक संस्था स्थापन केली. तीच पुढे ‘कलाक्षेत्र’ या नावाने विख्यात झाली. तेथे त्यांनी अनेक नृत्यनाट्ये रचली. रामायणावरील सहा नृत्यनाट्यांची त्यांची मालिका १९५५ साली सुरू झाली आणि १९७० साली पूर्ण झाली.

एवढ्या कार्यावर दुसरी एखादी व्यक्ती समाधान मानून स्वस्थ बसली असती. परंतु १९५२ साली राष्ट्रपतींनी रुक्मिणीदेवींना राज्यसभेच्या सदस्य म्हणून नियुक्त केले आणि त्यांच्या जीवनास नवे वळण लागले. नियुक्ती झाली होती कलावंत म्हणून. परंतु संसदेत त्यांनी आग्रहाने मांडला तो प्रश्न होता प्राण्यांच्या छळाचा.

भूतदया ही आपल्या देशात नवी नव्हती. काशीहून रामेश्वरास नेण्यासाठी आणलेले गंगेचे पाणी संत एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? मुंबईत परळ येथे प्राण्यांसाठी रुग्णालय एकोणिसाव्या शतकातच उभे राहिले होते. पण सर्वच माणसे एकनाथांसारखी नसतात. ज्याच्या मनात दया नाही, त्याच्या हाती सापडलेल्या प्राण्याने काय करावे? तो बोलू शकत नाही, तक्रार करू शकत नाही. त्याच्या वतीने कायद्याने बोलावयास हवे.

कायदा नव्हता असे नाही. १८९० साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. परंतु त्याचा अंमल मुख्यतः नगरपालिकांच्या हद्दीपुरताच होता. पनवेल तालुक्यातील कामोठे पाहा. आज ते नवी मुंबईचा गजबजलेला भाग आहे. त्या काळी मात्र ते खाडीकाठचे, भातशेतीचे खेडे होते. अशा खेड्यातील एखाद्या बैलाचा खांदा जुवाने सोलवटला आणि तरीही त्याला गाडीस जुंपून आर टोचली, तर त्या जुन्या कायद्याचा हात तेथवर पोहोचणे कठीण होते. शहरातील बैलास वेदना होतात आणि खेड्यातील बैलास होत नाहीत, असे थोडेच आहे?

रुक्मिणीदेवींनी प्राण्यांच्या छळास आळा घालणारे विधेयक स्वतः राज्यसभेत मांडले. खाजगी सदस्याचे विधेयक संमत होणे ही सोपी गोष्ट नसते. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांना या विषयाबद्दल सहानुभूती होती. रुक्मिणीदेवींनी आपले विधेयक मागे घ्यावे, सरकार स्वतःच असा कायदा आणील, असे आश्वासन त्यांनी दिले. आपल्या नावाचे विधेयक मागे घेणे सोपे नव्हते. पण आपल्या नावापेक्षा प्राण्यांचे हित मोठे, असे मानून रुक्मिणीदेवींनी ते मागे घेतले. पुढे चौकशी समिती नेमली गेली. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा संमत झाला.

या कायद्याने दयेला कर्तव्याचे रूप दिले. ज्याच्या ताब्यात प्राणी असेल, त्याने त्याची नीट काळजी घेतली पाहिजे आणि त्यास विनाकारण वेदना होऊ देता कामा नये, असे कायदा सांगतो. प्राण्यास मारणे, त्याच्यावर पेलणार नाही इतके ओझे लादणे, आजारी वा जखमी प्राण्यास कामास जुंपणे, त्यास उपाशी ठेवणे, हालचालही करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, हे सारे गुन्हे ठरले. खेळासाठी प्राण्यांना शिकविण्यावरही कायद्याने बंधने घातली. ज्या कलावतीने नृत्य हे आनंदाचे आणि भक्तीचे साधन मानले, तिच्या प्रयत्नांतून घडलेल्या कायद्याने दरवेशाच्या अस्वलाच्या भीतीपोटी होणाऱ्या नाचाकडेही लक्ष पुरवावे, हे किती उचित!

याच कायद्यानुसार १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९७७ साली पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे राहण्याविषयी विचारले; परंतु त्यांनी नम्रपणे नकार दिला. त्यांना कलाक्षेत्र आणि प्राण्यांची सेवा हीच दोन कामे पुरेशी होती. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्याने सर्व दुःखे नाहीशी होतात असे मात्र नाही. १९६० च्या त्या कायद्यात पहिल्या अपराधास दंड ठेवला तो फार तर पन्नास रुपयांचा. एवढ्या दंडाने निर्दय माणूस क्वचितच घाबरेल. कायदा पुस्तकात असतो. प्राणी मात्र रस्त्यावर, गोठ्यात आणि माळावर असतात. कामोठ्याच्या रस्त्यावर कोणी कुत्र्याच्या पिलास दगड मारू लागला, तर त्याला थांबविणारे माणूस जवळ असावे लागते. अशी माणसे जितकी वाढतील, तितके रुक्मिणीदेवींचे अपुरे राहिलेले काम पुढे जाईल.

स्वाध्याय

१. रुक्मिणीदेवींनी नृत्य शिकू नये असे त्या काळच्या समाजास का वाटत असावे?
२. १८९० च्या कायद्यात कोणती उणीव होती?
३. रुक्मिणीदेवींनी आपले विधेयक मागे का घेतले? त्यावरून त्यांचा कोणता गुण दिसतो?
४. संत एकनाथांची दया आणि कायद्याने सांगितलेले कर्तव्य यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : बट्टा लागणे, आळा घालणे, डगमगणे, स्नेह जडणे.
६. आपल्या गावातील किंवा वस्तीतील प्राण्यांना उन्हाळ्यात कोणता त्रास होतो ते पाहा व तो कमी करण्याचे दोन उपाय लिहा.