अन्नातील संप्रेरकविघातक द्रव्ये व स्थूलता

भाजीपाल्याचे पीक घेणारे कित्येक शेतकरी घरच्या जेवणासाठी एखादा वाफा फवारणीविना राखून ठेवतात. फवारलेला माल आपल्या मुलांच्या पोटात जाऊ नये, ही त्यामागील समज रास्तच आहे. परंतु कीटकनाशकाचा अंश केवळ बाजारच्या पाटीतूनच माणसापर्यंत पोहोचतो असे नाही. चारा, दूध, रिकामा डबा, फवारणीचे कपडे ह्या वाटांनी तो घरातही येतो. अशा काही द्रव्यांचा शरीरातील संप्रेरकांवर व त्यायोगे स्थूलतेवर काय परिणाम होतो, ह्याची माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकऱ्यांस असणे अगत्याचे आहे.

संप्रेरकांचे कार्य

शरीरातील निरनिराळ्या ग्रंथींतून अत्यल्प प्रमाणात रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांस संप्रेरके म्हणतात. वाढ किती व्हावी, भूक केव्हा लागावी, खाल्लेल्या अन्नापैकी किती खर्च व्हावे व किती चरबीच्या रूपाने साठावे, हे बहुतांशी त्यांच्या निरोपावर ठरते. कालव्यावरील पाटकरी चिठ्ठी पाहून पाळीचे पाणी सोडतो. चिठ्ठीच खोटी असेल तर पाणी भलत्याच शेतात जाते. संप्रेरकविघातक द्रव्ये अशी खोटी चिठ्ठी नेतात, किंवा खरी चिठ्ठी पोहोचू देत नाहीत.

अल्प मात्रेने एवढे कसे घडते, हे कपाशी पिकविणाऱ्यास निराळे सांगावयास नको. शेजारच्या शेतात २,४-डी हे तणनाशक फवारले व त्याचे तुषार वाऱ्याबरोबर कपाशीवर आले, की पाने अरुंद व बोटांसारखी लांबट होतात. हे द्रव्य वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. वनस्पतींची व माणसाची संप्रेरके भिन्न आहेत. परंतु मात्रेप्रमाणेच वाढीच्या अवस्थेलाही महत्त्व असते, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. म्हणूनच गर्भावस्था व बालपण हा काळ सर्वांत नाजूक होय.

संशोधनातून काय आढळले?

जहाजांच्या तळाच्या रंगात पूर्वी ट्रायब्युटिलटिन हे द्रव्य वापरीत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फेलिक्स ग्रून व ब्रूस ब्लुमबर्ग ह्यांनी ते गाभण उंदरिणींस दिले, तेव्हा त्यांच्या पिलांच्या शरीरात चरबी अधिक साठल्याचे दिसले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले व अशा द्रव्यांस ‘स्थूलताकारक’ ह्या अर्थाचे नाव मिळाले.

दुसरे उदाहरण डी.डी.टी.चे. ह्या द्रव्याचा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्यूलर ह्यांनी शोधला. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र विरघळते. जमिनीत कित्येक वर्षे टिकते व चाऱ्यावाटे जनावराच्या चरबीत आणि दुधात उतरते. भारतात शेतीसाठी त्याचा वापर १९८९ साली बंद करण्यात आला. कॅलिफोर्नियातील ओकलंड परिसरात १९५९ ते १९६७ ह्या काळात गरोदर स्त्रियांचे रक्त जपून ठेवले होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या आज्या स्वतः स्थूल नव्हत्या परंतु ज्यांच्या रक्तात डी.डी.टी.चा एक प्रकार अधिक होता, त्यांच्या नातींत स्थूलता दोन ते तीन पट अधिक होती. ह्याचे एक संभाव्य कारण समजण्यास कठीण नाही. मुलगी आईच्या गर्भात असतानाच तिच्या शरीरात पुढील पिढीची बीजे तयार होतात. म्हणजे एका गरोदर स्त्रीच्या आहाराशी तीन पिढ्यांचा संबंध येतो.

तथापि, अधिक खाणे, गोडधोड व तळीव पदार्थ आणि श्रमांचा अभाव ही स्थूलतेची प्रमुख कारणे आहेतच. रासायनिक द्रव्ये हे त्यात भर घालणारे कारण होय. प्राण्यांवरील प्रयोगांचा पुरावा स्पष्ट आहे. माणसांतील अभ्यास संबंध दाखवितात, परंतु प्रत्येक स्थूल व्यक्तीचे कारण हेच, असे त्यावरून म्हणता येत नाही. भीतीने भाजीपाला खाणे सोडणे तर सर्वस्वी चुकीचे ठरेल.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१. शेवटची फवारणी व तोडणी ह्यांत वेष्टनावर दिलेले दिवस जाऊ द्यावेत. भेंडी, वांगी ह्यांची तोडणी वरचेवर होते; म्हणून आधी तोडणी करून मगच फवारावे.

२. तोडणीच्या काळात शक्यतो पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पाच किलो निंबोळीचे चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून गाळावे व शंभर लिटर द्रावण करावे.

३. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी, दूध, तेल वा धान्य कदापि ठेवू नये. डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे व डबा भोके पाडून निकामी करावा.

४. फवारलेल्या बांधावरील गवत दुभत्या जनावरांस घालू नये.

५. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस औषध कालविणे, फवारणे व ते कपडे धुणे ही कामे देऊ नयेत.

६. गरम चहा, दूध वा आमटी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नये. धातूची किटली अगर डबा वापरावा.

भाजी धुतल्याने वरचा अंश बराच कमी होतो. झाडात भिनलेले आंतरप्रवाही औषध मात्र धुण्याने जात नाही. त्याचा उपाय खाणाऱ्याच्या हाती नसून पिकविणाऱ्याच्या हाती आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी फवारणीच्या हंगामात वेष्टनावरील सूचना शेतकऱ्यांस मोठ्याने वाचून दाखवाव्यात व तोडणीची तारीख फवारणीच्या दिवशीच लिहून ठेवण्याची सवय लावावी. असे झाल्यास घरासाठी निराळा वाफा राखण्याची गरज उरणार नाही.