यादीतला क्रमांक कोण बदलतो?

समजा, नाशिकच्या एका शाळेतील मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी गोदावरीच्या पाण्याचा गढूळपणा तपासला आणि अहवाल लिहिला. त्यात दोन याद्या आहेत. पहिली साहित्याची :

• झाकणाच्या स्वच्छ बाटल्या
• दोरी
• नावे लिहिण्यासाठी चिठ्ठ्या

दुसरी, नमुने घेतलेल्या ठिकाणांची :

१. त्र्यंबकेश्वर
२. गंगापूर धरण
३. रामकुंड
४. नांदूर मध्यमेश्वर

पहिल्या यादीत दोरी आधी लिहिली काय किंवा बाटल्या आधी लिहिल्या काय, काहीच बिघडत नाही. म्हणून तेथे ठिपके. दुसरी यादी नदीच्या प्रवाहाप्रमाणे उगमाकडून खाली येते. म्हणून तेथे अंक. क्रमाला अर्थ असेल, किंवा पुढे त्या ओळीचा उल्लेख करायचा असेल, तेव्हाच अंक घालावेत.

गफलत कोठे होते?

अहवालाच्या शेवटी निष्कर्ष आहे : ‘ठिकाण क्र. ३ चे पाणी सर्वांत गढूळ आढळले.’ एवढ्यात मुलांच्या लक्षात येते, की सोमेश्वर धबधब्याजवळचा नमुना यादीत घ्यायचा राहिला. हे ठिकाण गंगापूर धरण आणि रामकुंड यांच्या मध्ये येते. ते तेथे घातले, की सोमेश्वर क्र. ३ होते आणि रामकुंड क्र. ४. पण निष्कर्षात ‘क्र. ३’ तसेच राहिले, तर रामकुंडाचा गढूळपणा सोमेश्वरच्या माथी बसतो! तपासणी अचूक, पण निष्कर्ष खोटा.

संगणकाची युक्ती

अमेरिकन गणिती डोनाल्ड कनूथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई पसंत पडली नाही. म्हणून १९७७ साली त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचायला घेतली. पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ उभारली. लाटेकमध्ये आपण अंक लिहीतच नाही. ‘एन्युमरेट’ ही आज्ञा देऊन यादी सुरू करायची आणि प्रत्येक ओळीआधी ‘आयटम’ लिहायचे. यादीच्या आरंभी मोजणी शून्य असते. प्रत्येक ‘आयटम’ला ती एकाने वाढते. ठिपके हवे असतील, तर ‘आयटमाइझ’ ही आज्ञा.

निष्कर्षाचे काय? रामकुंडाच्या ओळीला एक खूण द्यायची. तिला ‘लेबल’ म्हणतात. निष्कर्षात अंकाऐवजी ‘रेफ’ ही आज्ञा आणि तीच खूण लिहायची. कोणत्या खुणेचा कोणता क्रमांक, हे प्रणाली एका वेगळ्या फायलीत नोंदवते आणि पुढच्या खेपेस वाचते. म्हणूनच सोमेश्वर घातल्यावर पहिल्या खेपेस निष्कर्षात जुना ३ च छापला जातो आणि ‘पुन्हा चालवा’ अशी सूचना मिळते. दुसऱ्या खेपेस तेथे ४ येतो. ती सूचना दुर्लक्षू नका!

अ नंतर कोण?

यादीत पोटयादी घातली, तर तिची मोजणी स्वतंत्र चालते आणि तिला अक्षरे लावता येतात. येथे मराठीची एक गंमत आहे. प्रश्नपत्रिकेत आपण अ, ब, क, ड लिहितो. हा क्रम इंग्रजी अक्षरांच्या धर्तीचा आहे. युनिकोड या संकेतावलीत मात्र अ नंतर आ येतो, कारण तेथे वर्णमालेचा क्रम आहे. संगणकाला नुसते ‘अ नंतरचे अक्षर घे’ म्हटले, तर तो ब नव्हे, आ छापील. म्हणून पहिला अ, दुसरा ब, तिसरा क अशी जोडी त्याला आधी शिकवावी लागते. मोजणे यंत्राचे काम. क्रम ठरवणे आपले.

करून पाहा : तुमच्या प्रयोगवहीतील एका प्रयोगाच्या ‘साहित्य’ आणि ‘कृती’ या याद्या तपासा. कोठे ठिपके हवेत, कोठे अंक? ‘कृती’मध्ये मध्येच एक पायरी वाढवा आणि वहीत कोठे कोठे क्रमांक बदलावे लागतात, ते मोजा.