काळ्या जमिनीवरील अवजारशाळा

भारी काळ्या जमिनींत ज्यांनीं घरालगत अवजारशाळा बांधली आहे, त्यांस हा अनुभव नवा नाहीं. वैशाखांत भिंतीस तिरपी भेग पडते, श्रावणांत दार चौकटींत अडकतें, आणि इंजिनाची पातळी बिघडून कडबा कापण्याच्या यंत्राचा पट्टा वारंवार उतरतो. दोष बहुधा गवंड्याच्या माथीं मारला जातो.

काळ्या खडकापासून झालेल्या या मातींत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती विपुल असते. ती पाण्यानें फुगते व सुकतांच आक्रसते. ही हालचाल सर्वत्र सारखी होती तर फारसें बिघडतें ना. पण छपराखालच्या मधल्या भागाची ओल फारशी बदलत नाहीं; भिंतीलगतची माती मात्र पावसाळ्यांत वर येते व उन्हाळ्यांत खचते. इमारत मोडते ती या विषमतेनें. पत्र्याची हलकी अवजारशाळा तर दुमजली वाड्याहून अधिक त्रास भोगते, कारण फुगणाऱ्या मातीस दाबून धरण्याइतकें वजनच तिला नसतें.

सबब भिंतीलगतची ओल सारखी राखणें हेंच मुख्य काम होय. पन्हाळीचें पाणी पायाशीं पडूं देऊं नये. भोंवतीं ४ ते ६ फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी व पाणी चरानें दूर न्यावें. मोरी, भाजीचा वाफा किंवा निंब-बाभळीचें झाड भिंतीजवळ नसावें. मात्र जुनें मोठें झाड एकाएकीं तोडूं नये. मुळ्या ओल ओढीनाशा झाल्या कीं तेथील माती फुगते.

नवीन पाया उन्हाळी भेगांच्या खालीं, मुरूम जवळ असल्यास मुरुमापर्यंत न्यावा. खणून निघालेली काळी माती जोत्यांत भरण्याची चाल आम्हांस अत्यंत घातक वाटते. थोडी बचत होते आणि फरशी कायमची उखडते. त्याऐवजीं मुरूम थरांनीं चोपून भरावा. माती फार खोल असेल तेथें, रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें प्रचारांत आणलेले, बुडाशीं फुगीर काँक्रीटचे खांब ३.५ मीटर तरी खोल घालतात; पण लहान शाळेस हा खर्च आम्ही सर्रास सुचविणार नाहीं.

जुन्या भेगेवर घाईनें सिमेंट लिंपूं नये. भेगेवर आडवी चुन्याची पातळ पट्टी लावून तारीख घालावी, व एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहावा. पट्टी शाबूत राहिल्यास भेग बुजवावी. तडकल्यास आधीं पाण्याची वाट शोधावी.