३८४ कुठून आणलेस?

जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

चि. मुक्ता हिस,


थिसिसचा आराखडा वाचला. आपल्या जामभोवतीच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांना जुलाब किती वेळा होतात, हा विषय उत्तम. मात्र नमुन्यापुढे ‘३८४ मुलं’ लिहिलंस, ते खोड. दर दुसऱ्या थिसिसमध्ये दिसणारा हा आकडा, प्रमाण ५० टक्के धरून ते पाच टक्के इकडे-तिकडे चालेल अशा बेताने काढलेला असतो. तुला प्रमाण नको, दर हवा आहे.

दराचा भरवसा मुलांच्या संख्येपेक्षा हाती आलेल्या घटनांवर असतो. दहा घटना मिळाल्या तर पॉयसाँच्या हिशोबाने ९५ टक्के खात्रीची कक्षा साधारण ५ ते १८. शंभर मिळाल्या तर ८१ ते १२२. तेव्हा किती घटना लागतील ते आधी ठरव, मग किती मुलं आणि किती महिने ते काढ. छेदात डोकी नकोत, बाल-महिने घे. कापूस वेचणीला आईबरोबर दोन महिने परगावी गेलेलं पोर तेवढे दिवस तुझ्या नोंदीत नसतं.

आता मॉडेल. सरासरी आणि व्हेरियन्स सारखे, हे पॉयसाँचं गृहीतक. जुलाबात ते सहसा टिकत नाही. एकाच पोराला चारदा होतात, शेजारच्याला एकदाही नाही. पायलटमध्ये व्हेरियन्स फुगलेला दिसला तर निगेटिव्ह बायनॉमियल वापर, नाहीतर कक्षा खोटी अरुंद येईल.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच भांड्यात शिजतो. गावांचं तसं नसतं. विहीर एक, तर दुखणंही एकत्र. एका गावात ५० मुलं आणि आंतरिक सहसंबंध फक्त ०.०२ धरलास तरी नमुना जवळपास दुप्पट लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने घरपोच नवजात सेवेची ३९ गावं दुसऱ्या ४७ गावांशी ताडून पाहिली; १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला तो लेख वाचच. दोन-चार गावांत नवजात मृत्यू बोटांवर मोजण्याइतकेच सापडले असते.

हे सगळं आकडे गोळा करण्याआधी लिहून गाईडची सही घे. निकाल पाहून मॉडेल निवडलं की हवं ते उत्तर निघतं. मुलं कमी पडली तर गावं वाढव. एकाच गावात गर्दी करू नकोस.

तुझी,
आत्या