गोळी लागली तर दारूगोळ्याचं काय होतं?

आमच्या शिरूर-दौंडकडच्या पोरांना लष्करी गाड्यांचं नवल नाही. पुण्याहून नगरला (आताचं अहिल्यानगर) जायचं तर सडक शिरूरवरून आणि रेल्वे दौंडवरून. अलीकडे खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना, पलीकडे नगरचं आर्मर्ड कोअर सेंटर आणि के. के. रेंज. मला नेहमी प्रश्न पडायचा, दारूगोळ्याच्या गाडीला बाहेरून गोळी लागली तर? मेकॅनिकलला आल्यावर कळलं, की याची रीतसर चाचणी असते.

चाचणी कशी करतात?

नाटोच्या मानकांत दोन चाचण्या आहेत. पहिलीत १२.७ मिमीच्या चिलखतभेदी गोळ्या सेकंदाला ८५० मीटर वेगाने लागोपाठ तीन झाडतात. दुसरीत १८.६ ग्रॅमचा पोलादी तुकडा २५३० मीटर वेगाने मारतात. ½mv² मांडून बघा, सुमारे ६० किलोज्यूल येतात. एक टनाची मोटार ताशी ४० किमी वेगाने धडकावी, तेवढी ऊर्जा बोटाच्या पेराएवढ्या जागेवर!

आत काय घडतं?

तुकडा फार वेगवान असेल तर आघात-तरंगानेच स्फोटक डिटोनेट होतं. इथे वेगाचा वर्ग गुणिले व्यास हा हिशोब महत्त्वाचा. वेग कमी असेल तर घर्षणाने स्फोटक पेटतं. मग खरा प्रश्न कवचाचा. वायूला वाट मिळाली तर नुसतं जळतं. कोंडला तर दाब वाढून कवच फुटतं. कुकरची शिट्टी अडकल्यावर काय होतं, ते सांगायला नकोच.

निकाल

हाय-स्पीड कॅमेरा, दाबमापक आणि खाली ठेवलेली साक्षी प्लेट यांवरून प्रतिसाद ठरवतात. पहिला प्रकार पूर्ण डिटोनेशन, पाचवा नुसतं जळणं. पास व्हायला पाचवा किंवा त्याहून सौम्य प्रतिसाद लागतो. पाचव्यात १५ मीटरपलीकडे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेचा तुकडा जाता कामा नये. एक किलोचं वजन दोन मीटरवरून पडलं की साधारण २० ज्यूल होतात. म्हणजे गोळा जळाला तरी चालेल, पण शेजारच्यांना घेऊन जाता कामा नये!

हे साधायला दोन उपाय आहेत. एक, रबरासारख्या पॉलिमरमध्ये बांधलेली किंवा टीएटीबी, एनटीओ, फॉक्स-७ अशी 'थंड डोक्याची' स्फोटकं. यावर आपल्या पुण्यातच सुतारवाडीच्या एचईएमआरएलमध्ये संशोधन झालंय. दोन, दाब वाढण्याआधी उघडणारं कवच. हे काम आपल्या ब्रँचचं.

३१ मे २०१६ रोजी विदर्भातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान त्यात गेले. तिथे गोळीचा संबंध नव्हता, पण धडा तोच. दारूगोळा शत्रूवर पडण्याआधी कितीतरी वर्षं आपल्याच माणसांच्या शेजारी असतो: ड्रायव्हर, हमाल, पहारेकरी, फाटकाजवळचा चहावाला. डिझाइन करताना आधी त्यांचा विचार करायचा.