रुग्णाची भाषा, डॉक्टरांची भाषा

प्रश्न : डॉक्टर रुग्णाच्याच भाषेत बोलत असल्यास उपचारांच्या परिणामांत खरोखर फरक पडतो का?

उत्तर : कॅनडातील ओंटारिओ प्रांतात घरपोच शुश्रूषा घेणाऱ्या जर्जर रुग्णांच्या रुग्णालयीन नोंदींवर आधारलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मातृभाषा जाणणारे डॉक्टर लाभलेल्या फ्रेंचभाषकांमध्ये रुग्णालयातील मृत्यूची शक्यता २४ टक्क्यांनी, तर इंग्रजी-फ्रेंचव्यतिरिक्त इतर भाषकांमध्ये ५४ टक्क्यांनी कमी आढळली. हा अभ्यास निरीक्षणात्मक, म्हणजे प्रत्यक्ष प्रयोगाऐवजी नोंदींची तुलना करणारा असल्याने भाषा हेच एकमेव कारण ठरत नाही. तथापि वेदनेचे नेमके वर्णन, औषधांच्या सूचनांचे आकलन आणि शस्त्रक्रियेला समजून दिलेली संमती भाषेवरच अवलंबून असल्याने, समभाषक डॉक्टर नसतील तेथे नातेवाइकांऐवजी प्रशिक्षित दुभाषी पुरवणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच मानले पाहिजे.