राग सगळ्यांनाच येतो, मग हात कुणावर उठतो?

मैत्रिणींनो, या महिन्याचा अभ्यासाचा विषय आहे रोजच्या भांडणातली मारहाण. कापूरहोळ भागातल्या बैठकांमध्ये बचत, हप्ते, कर्ज यांचं बोलून झालं की गाडी पुष्कळदा इथंच येते. बांधावरून भाऊ-भाऊ हातघाईवर आले, पाण्यावरून दोन घरांत जुंपली, पिऊन आलेल्या नवऱ्यानं मारलं. का मारलं, असं विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "राग आवरला नाही." आज हे उत्तर जरा तपासून बघू.

१. राग माणूस बघून निघतो

एक उदाहरण घेऊ. एक माणूस सकाळी बँकेत गेला. साहेबानं दोन तास बसवून ठेवलं आणि कागद अपुरे म्हणून परत पाठवलं. दुपारी दुकानदारानं उधारीवरून चारचौघांत सुनावलं. दोन्ही वेळा राग आला, पण तो गिळला. रात्री भाकरी करपली म्हणून ताट भिरकावलं आणि बायकोला मारलं.

दिवसभर आवरलेला राग घरातच कसा आवरला नाही? बँकेत हात उचलला तर काय होईल हे त्याला माहीत होतं. घरात उचलला तर काही होणार नाही, हेही माहीत होतं. वड्याचं तेल वांग्यावर, ते असं. राग येणं आपल्या हातात नसेल, पण हात कुणावर उठतो ते ठरतं "इथं चालतं" या खात्रीवर. दारूनं मारहाण वाढते हे खरंच आहे. पण न पिणारेही मारतात, आणि पिणारा शुद्धीत नसला तरी सरपंचाला मारायला जात नाही.

हा नियम बायकांनाही लागू आहे. सासूचा राग सुनेवर निघतो आणि सुनेचा शाळेतून आलेल्या पोरावर. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्यावरच तो निघतो.

२. "इथं चालतं" हे कोण ठरवतं?

२०१९ ते २०२१ या काळात देशात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. त्यात स्त्री-पुरुषांना सात कारणं वाचून दाखवली. न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलट बोलणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं, अशी. यातल्या एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य आहे, असं १०० पैकी सुमारे ४४ पुरुष म्हणाले. बायका किती म्हणाल्या? सुमारे ४५.

हा आकडा आपल्यासाठी आहे. "तिचंच तोंड लई चालतं", "नवराच आहे, एखादी दिली तर काय झालं", "घरातलं घरात ठेवावं" ही वाक्यं आपणच बोलतो. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या १०० बायकांपैकी सुमारे २५ जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. बारा जणींच्या गटात हिशेब केला तर तिघी. आणि देशभरात मार खाल्लेल्या १०० जणींपैकी फक्त १४ जणींनी मदत मागितली. बाकीच्यांनी का मागितली नसेल, ते वरची वाक्यं पुन्हा वाचली की कळतं.

३. बांधावरची मारामारी

इथं दोघेही बरोबरीचे असतात, मग हात का उठतो? एक तर प्रश्न वर्षानुवर्षं भिजत पडलेला असतो. पुणे-सातारा महामार्गालगत जमिनीचे भाव वाढले तसा हातभर बांधही मोठा झाला. मोजणी राहिलेली, वाटप तोंडीच झालेलं. लावणीच्या दिवसांत दोघेही खाचरात, हातात कुदळ नाहीतर कोयता. दुसरं म्हणजे बघणारी माणसं. चार लोकांसमोर मागं हटणं म्हणजे हार वाटते. त्यात कुणीतरी म्हणतं, "बांगड्या भरल्यात का?" आपल्या बांगड्या म्हणजे भित्रेपणा, हे ऐकून आपणही हसतो. त्या हसण्यानं एखाद्याचं डोकं फुटतं आणि दोन घरं कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

यावर वाटा आहेत. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवलं असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. बारा वर्षांपासून एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं असेल तर शासनानं २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. त्यात अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये ठेवली. चौकशी तलाठ्यांकडे करा.

१५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातला तंटा गावातच समजुतीनं मिटावा, हा तिचा विचार. बांध, वाट, पाणी अशा वादांना तो योग्यच आहे.

४. भांडण मिटवा, मार मिटवू नका

तडजोड बरोबरीच्या माणसांत होते. मार खाणारी आणि मारणारा यांना समोरासमोर बसवून "दोघांनी थोडं थोडं सोसा" म्हणणं ही तडजोड नव्हे. ती पुन्हा मारायची परवानगी आहे. अशा वेळी कायदा लागतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ, धमकी, पैसे काढून घेणं, घराबाहेर काढणं हेही येतं. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करता येतो. बाईला सरकारी वकील-मदत मोफत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो.

५. गटानं काय करायचं?

• मैत्रीण मार खाऊन आली तर "तू काय बोललीस?" हे पहिलं विचारायचं नाही. "कुठं लागलंय? आज रात्री कुठं झोपणार?" हे विचारायचं.
• तिनं ठरवलं तर दोघींनी तिच्याबरोबर दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात जायचं. तिच्या संमतीशिवाय गावभर बोलायचं नाही.
• हत्यार निघालं असेल तर मध्ये पडायचं नाही, ११२ ला फोन करायचा. महिलांसाठी १८१ आहे.
• हप्ता थकला म्हणून कुणाच्या दारात घोळक्यानं जाऊन चारचौघांत अपमान करायचा नाही. त्याचा मारही रात्री तिलाच बसतो.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात कोणती वाक्यं मारहाणीला मोकळीक देतात? पाच लिहा.
२. गेल्या वर्षभरात हाणामारीपर्यंत गेलेलं एक भांडण आठवा. नावं न घेता सांगा. ते आधी कुठं थांबवता आलं असतं?
३. रात्री-अपरात्री मैत्रिणीला आसरा देतील अशी दोन घरं गटानं ठरवा. ती कोणती हे गटातच राहू द्या. घरं ठरली, एवढीच नोंद इतिवृत्तात करून पुढच्या ग्रामसंघ बैठकीत सांगा.